दोन फाइली: निरीक्षणगृहातील अत्याचारानंतर अडीच वर्षांनी उभे राहिलेले एक प्रकरण

या प्रकरणातील मुलाचे नाव दीपक नाही, आणि जिल्हा, महिने व काही प्रसंगही ओळख पटणार नाही इतपत बदललेले आहेत. अत्याचाराचे वर्णन येथे मुद्दामच दिलेले नाही; कोणते कायदेशीर मार्ग उपलब्ध होते आणि त्यांतले कोणते कधी निवडले गेले, हे समजण्यासाठी त्याची गरज पडत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने या मुलासाठी नेमलेला वकील मी होतो, म्हणजे पुढे ज्या चुका नोंदवल्या आहेत त्यांतल्या काही माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२१ मध्ये दुचाकी चोरीच्या गुन्ह्यात दीपकला बाल न्याय मंडळापुढे हजर करण्यात आले आणि तेथून त्याची रवानगी निरीक्षणगृहात, लोकांच्या भाषेत रिमांड होममध्ये, झाली. तेव्हा तो सोळा वर्षे चार महिन्यांचा होता. मंडळाने तीन आठवड्यांत जामीन मंजूर केला. पण हमीपत्र द्यायला येणार कोण? वडील नव्हते. आई आणि मामा मिळून एका कोयत्यावर, म्हणजे दोघांची जोडी म्हणून, परजिल्ह्यात ऊसतोडीला गेलेले, मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फड सोडण्याची सोय नाही. परिणामी जामीन मिळालेला मुलगा एप्रिल २०२२ पर्यंत आतच राहिला.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम १२ मध्ये या अडचणीवर थेट उत्तर आहे. जामिनाच्या अटी सात दिवसांत पूर्ण करता आल्या नाहीत, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून त्या अटी बदलून घ्यायच्या असतात. हे कोणी केले नाही. ज्या घटनांबद्दल हे प्रकरण आहे, त्या जानेवारी आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये घडल्या. म्हणजे सातव्या दिवशी एक अर्ज गेला असता, तर त्या घडल्या तेव्हा मुलगा आत नसता.

अत्याचार करणारा रात्रपाळीचा काळजीवाहक होता. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दीपकने अधीक्षकांना सांगितले. अधीक्षकांनी कुठेही लेखी नोंद केली नाही, पोलिसांना कळवले नाही. दोन दिवसांनी त्या काळजीवाहकाची पाळी रात्रीची दिवसा करण्यात आली आणि दीपकला दुसऱ्या खोलीत झोपायला सांगण्यात आले. अधीक्षकांचे एक वाक्य त्याने अडीच वर्षांनी जसेच्या तसे सांगितले: "बाहेर जायचंय ना तुला? मग हे इथंच ठेवून जा."

प्रश्न कसा पुढे आला

सुटल्यानंतर दीपक मंडळाच्या दोन तारखांना गेला आणि मग जायचे बंद झाला. नोटिसा निघाल्या, घरी पोलीस येऊन गेले, आणि कागदावर तो 'सतत गैरहजर राहणारा' ठरला. ऑगस्ट २०२४ मध्ये नव्याने रुजू झालेल्या परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) त्याचा शोध घेत घरी पोहोचल्या, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि एका वीटभट्टीवर कामाला जात होता. तारखेला का येत नाहीस, या प्रश्नावर त्याने बराच वेळ उत्तर दिले नाही. नंतर म्हणाला, "मॅडम, तारीख त्याच फाटकातून आत आहे."

हे अक्षरशः खरे होते. मंडळाची बैठक निरीक्षणगृहाच्या आवारात किंवा त्याच्या जवळपास व्हावी, असे बाल न्याय अधिनियमाखालील आदर्श नियम, २०१६ सांगतात. मुलांना कोर्टाच्या गर्दीत, आरोपींच्या रांगेत उभे राहावे लागू नये, हा त्यामागचा उद्देश. दीपकच्या बाबतीत मात्र प्रत्येक तारीख म्हणजे तेच लोखंडी फाटक, तीच व्हरांड्यातली बाकडी आणि समोरून पाण्याची घागर घेऊन जाणारा तोच माणूस, असा अर्थ होत होता. तो काळजीवाहक अजून नोकरीत होता.

परिविक्षा अधिकाऱ्यांनी त्या क्षणी जे केले, ते मला या प्रकरणातले सर्वांत जबाबदारीचे काम वाटते. मुलगा बोलू लागल्याचे लक्षात येताच त्यांनी त्याला थांबवले आणि सांगितले, की तू पुढे सांगितलेस तर ते पोलिसांना कळवणे मला कायद्याने भाग आहे, तेव्हा सांगायचे की नाही हे आधी ठरव. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ म्हणजेच पोक्सोच्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे ज्याला कळते, त्या प्रत्येकावर खबर देण्याचे बंधन आहे, आणि पीडित आता सज्ञान झाला म्हणून ते सुटत नाही. पुष्कळ समुपदेशक हे मागाहून सांगतात. मुलाला मग आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते आणि पुढचा सगळा जबाब त्या अविश्वासाच्या सावलीत नोंदवला जातो. दीपकने आठ दिवस घेतले आणि स्वतः फोन केला.

यानंतर प्रकरण माझ्याकडे आले तेव्हा टेबलावर एकच फाइल होती, आणि ती चोरीची. त्याच फाइलमध्ये गैरहजेरीच्या नोंदी, त्याच फाइलला परिविक्षा अधिकाऱ्यांचा नवा अहवाल जोडलेला. संस्थेत अत्याचार झालेल्या मुलाचे हे नेहमीचे दुर्दैव आहे: तो पीडित असतो, पण त्याचा कागद आरोपीच्या फाइलमध्ये जन्म घेतो, आणि ती फाइल वाचणारा प्रत्येक जण पहिल्या पानापासून वाचतो. या दोन फाइली एकमेकींपासून सोडवणे हे मला पहिले काम दिसले.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत सरळ मार्ग पोलीस ठाण्याचा. निरीक्षणगृहाच्या व्यवस्थापनातील किंवा कर्मचारीवर्गातील व्यक्तीने तेथे ठेवलेल्या मुलावर केलेला अत्याचार पोक्सोच्या कलम ५ मध्ये गंभीर स्वरूपाचा म्हणून स्वतंत्रपणे सांगितलेला आहे. मुलगा असो वा मुलगी, कायदा भेद करत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ६ खाली किमान शिक्षा वीस वर्षांची आहे. मुदतीचा अडसरही नव्हता, कारण तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना फौजदारी कायद्यात मुदत लागू होत नाही. "आता फार उशीर झाला" हे वाक्य दीपकच्या मामाने, एका हवालदाराने आणि एका वकिलाने, अशा तिघांनी त्याला ऐकवले होते. तिघेही चुकीचे होते. अडचण वेगळी होती. ज्या ठाण्याच्या हद्दीत निरीक्षणगृह येत होते, त्याच ठाण्याने त्याला चोरीत पकडले होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात खबर देता येते, हा त्यावरचा उपाय.

दुसरा मार्ग फारसा कोणी वापरत नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८ मध्ये मंडळाच्या कर्तव्यांच्या यादीत एक तरतूद आहे: विधिसंघर्षग्रस्त बालकाविरुद्ध, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाविरुद्ध, कोणताही अपराध घडल्याची तक्रार आली, तर मंडळ पोलिसांना गुन्हा नोंदवण्याचा आदेश देऊ शकते. आदेश असला की ठाण्यात घासाघीस उरत नाही. पण तक्रार द्यायला त्याच आवारात जावे लागणार होते, आणि निरीक्षणगृहातील कर्मचाऱ्यांना ती खबर गुन्हा नोंदवला जाण्याआधी मिळाली असती.

राज्य बालहक्क संरक्षण आयोग चौकशी करू शकतो, कागद मागवू शकतो, शिफारस करू शकतो. शिक्षा करू शकत नाही. उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका हा चौथा पर्याय. राज्याच्या ताब्यात असताना मूलभूत हक्कांचा भंग झाल्यास राज्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व रुदुल साह (१९८३) आणि नीलाबती बेहेरा (१९९३) या निकालांपासून पक्के झालेले आहे, आणि त्यासाठी आरोपीच्या शिक्षेची वाट पाहावी लागत नाही. दिवाणी दाव्याचा विचार थोडक्यात झाला. अल्पवयीन व्यक्तीला सज्ञान झाल्यावर दाव्यासाठी वाढीव मुदत मिळते, पण ती तीन वर्षांपलीकडे जात नाही. दीपकची ती संपायला अवकाश होता, आणि त्याला दाव्याची कल्पनाच नको होती.

भरपाईचा मार्ग या सगळ्यांना समांतर चालतो. पोक्सो नियम, २०२० च्या नियम ९ खाली विशेष न्यायालय खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर अंतरिम भरपाई देऊ शकते, आणि आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही तरी, मुलाचे नुकसान झाल्याचे न्यायालयाला वाटल्यास, भरपाईची शिफारस करू शकते. आकड्यांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१८ ची योजना मार्गदर्शक धरण्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे; त्यात बलात्कार व तत्सम अत्याचारासाठी चार ते सात लाख रुपये ही मर्यादा असून अल्पवयीन पीडितासाठी ती दीडपट धरली जाते.

आणि एक पर्याय दीपकनेच मांडला: काहीच करायचे नाही, फक्त तारीख दुसरीकडे घ्या. कलम १९ मुळे तो पूर्णपणे त्याच्या हातात उरला नव्हता, तरी मी त्यावर तासभर बोललो, कारण पर्याय म्हणून तो ऐकून घेणे आवश्यक होते. त्याचे मन वळवले ते कायद्याने नव्हे. तो माणूस अजून तिथेच आहे का, असे त्याने विचारले. परिविक्षा अधिकारी हो म्हणाल्या. मग त्याने विचारले, "आत आत्ता किती पोरं आहेत?"

घेतलेले निर्णय

पहिला अर्ज चोरीच्या फाइलमध्ये गेला. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षे शिक्षा आहे, तो बाल न्याय अधिनियमात किरकोळ अपराध ठरतो, आणि कलम १४ प्रमाणे त्याची चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत, पूर्ण झाली नाही तर कार्यवाही संपुष्टात येते. भारतीय दंड संहितेतील चोरीचे कलम ३७९ याच वर्गातले. म्हणजे दीपकची चौकशी मे २०२२ मध्येच कायद्याने संपली होती, आणि त्यानंतरची दोन वर्षे तो एका मेलेल्या फाइलला घाबरून लपत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशी रेंगाळलेली किरकोळ प्रकरणे एकगठ्ठा संपवण्याचा आदेश दिला होता. आपल्याकडे त्याचा दाखला देता येतो, बंधन म्हणून नव्हे. मंडळाने अर्ज मंजूर केला. या अर्जासाठी दीपकला हजर राहावे लागले नाही. त्यात अत्याचाराचा एक शब्दही नव्हता, आणि तो जाणीवपूर्वक नव्हता.

चौथ्या दिवशी शेजारच्या तालुक्याच्या ठाण्यात फिर्याद दिली. ठाणे अंमलदाराने पहिल्या मसुद्यात 'मारहाण व गैरवर्तन' असे लिहिले होते. ते दुरुस्त करायला दोन तास गेले. "एवढे दिवस गप्प का बसलास?" हा प्रश्न आलाच. मी दीपकला आधी सांगून ठेवले होते, की याचे उत्तर समर्थनासारखे द्यायचे नाही, फक्त काय झाले ते क्रमाने सांगायचे: कोणाला सांगितले, त्यांनी काय म्हटले. अधीक्षकांचे ते वाक्य अशा रीतीने फिर्यादीत आले, आणि पुढे त्याचा फार उपयोग झाला.

अधीक्षकांवर कोणते कलम लावायचे, यावर सर्वांत जास्त खल झाला. हाताखालच्या माणसाच्या अपराधाची खबर न देणाऱ्या संस्थाप्रमुखाला पोक्सोच्या कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, चंद्रपूर जिल्ह्यातील वसतिगृहाच्या प्रकरणात, खबर न देणे हा गंभीर अपराध असल्याचे सांगून डॉक्टरविरुद्धचा रद्द झालेला गुन्हा पुन्हा उभा केला होता. मात्र एक वर्ष शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतही एकच वर्षाची. फेब्रुवारी २०२२ पासून मोजले तर ती केव्हाच संपली होती. पोलिसांना अपराध कळला त्या दिवसापासून मोजा, मुख्य गुन्ह्याबरोबर एकत्र चालणारा खटला म्हणून मोठ्या शिक्षेची मुदत धरा, असे युक्तिवाद करता येतात. पण एखाद्या प्रकरणाचा निम्मा भार युक्तिवादावर टाकणे मला पटले नाही. म्हणून बाल न्याय अधिनियमाचे कलम ७५ सोबत लावण्याचा आग्रह धरला. मुलाची काळजी सोपवलेल्या संस्थेतील व्यक्तीने त्याची जाणूनबुजून उपेक्षा केली, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि तीन वर्षांच्या वरचा गुन्हा असल्याने मुदतीचा प्रश्नच येत नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर हे कलम एकटे असेल तर पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत, पण दखलपात्र गुन्ह्याच्या जोडीला असेल तर सगळे प्रकरण दखलपात्र धरले जाते. मुख्य फिर्यादीतच ते घालण्याचे हे दुसरे कारण.

पुरावा हा खरा कस होता. वैद्यकीय तपासणीत अडीच वर्षांनी काही मिळण्यासारखे नव्हते. शारीरिक तपासणीला दीपकने नकार दिला, तो नोंदवून घेतला आणि त्याऐवजी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांचा अहवाल घेतला. कॅमेऱ्याचे चित्रण उरलेले नव्हते. उरल्या नोंदवह्या. त्या जपून ठेवण्याबाबत तपास अधिकाऱ्यांना अर्ज दिला, पण जप्ती झाली अकराव्या दिवशी. निरीक्षणगृहातील २०२२ ची पाळी नोंदवही 'वाळवी लागल्याने नष्ट' असा शेरा मिळाला. शेजारच्या रॅकवरच्या २०२१ आणि २०२३ च्या वह्यांना वाळवीने स्पर्शही केला नव्हता, हे पंचनाम्यात लिहून घेतले.

यातून वाट काढली ती जिल्हा कार्यालयातील लेखा विभागाच्या एका लिपिकाने. रात्रपाळीचा भत्ता द्यायचा असल्यामुळे दर महिन्याच्या वेतन देयकाला पाळीपत्रकाची सहीशिक्क्याची प्रत जोडली जात असे. फेब्रुवारी २०२२ च्या देयकात ती मिळाली. ११ तारखेपर्यंत त्या काळजीवाहकाच्या नावापुढे 'रा', १२ पासून 'दि', आणि बदलाच्या जागी अधीक्षकांची आद्याक्षरी. कारणाचा रकाना कोरा. दीपकने अधीक्षकांना सांगितल्याचा दिवस फिर्यादीत 'दहाच्या सुमारास' असा होता.

परिणाम

काळजीवाहकाला अटक झाली आणि संस्थेने त्याची सेवा संपवली. अशा गुन्ह्याचा तपास दोन महिन्यांत पूर्ण व्हावा असे नवी संहिता सांगते. दोषारोपपत्र पंचाहत्तराव्या दिवशी आले. अंतरिम भरपाईच्या अर्जावर विशेष न्यायालयाने दीड लाख रुपये मंजूर केले. नियमाप्रमाणे रक्कम तीस दिवसांत मिळायला हवी. ती खात्यात यायला पाच महिने आणि तीन स्मरणपत्रे लागली.

साक्षीच्या वेळी दीपक वीस वर्षांचा होता, म्हणून पडद्याआड बसवण्याला बचाव पक्षाने हरकत घेतली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये असुरक्षित, म्हणजे साक्ष देताना विशेष संरक्षणाची गरज असलेल्या, साक्षीदाराची व्याख्या केवळ मुलांपुरती न ठेवता विस्तारलेली आहे. तो आदेश दाखवल्यावर जिल्हा न्यायालयातील असुरक्षित साक्षीदार केंद्रातून साक्ष झाली. उलटतपासणी दोन दिवस चालली. "चोरी करणाऱ्याचा शब्द" या अंगाने पहिला प्रश्न येताच सरकारी अभियोक्त्यांनी हरकत घेतली: बालपणीचे प्रकरण मागे लावू नये, हे नव्या सुरुवातीचे तत्त्व कायद्यातच आहे, आणि या ठिकाणी तर कार्यवाहीच संपुष्टात आलेली. प्रश्न नाकारला गेला. पहिली फाइल आधी बंद करून घेतल्याचा उपयोग त्या दिवशी सर्वांत स्पष्ट दिसला.

काय वेगळे करता आले असते

नोंदवह्या जप्त होण्यास लागलेले अकरा दिवस ही माझी चूक आहे. फिर्यादीच्याच दिवशी विशेष न्यायालयात अर्ज देऊन कागद हजर करण्याचा आदेश मिळवता आला असता. तपास अधिकाऱ्यांवर विसंबलो.

दुसरी चूक साक्षीदारांबाबतची. त्या काळात दीपकसोबत असलेल्या दोन मुलांची नावे त्याला आठवत होती. पोलीस त्यांपैकी एकाच्या गावी गणवेशात, जीप घेऊन गेले. तो मुलगा आता लग्नाचा, गावाला त्याच्या जुन्या प्रकरणाची कल्पना नाही. त्याने आपण त्या निरीक्षणगृहात कधी नव्हतोच, असे सांगितले, आणि मी त्याला दोष देत नाही. परिविक्षा अधिकाऱ्यांमार्फत, साध्या वेशात, गावाबाहेर भेट घेण्याची विनंती आम्ही लेखी करायला हवी होती.

उच्च न्यायालयाची याचिका आम्ही खटल्यानंतरसाठी ठेवली, कारण वादग्रस्त तथ्ये आधी सिद्ध व्हावीत असे वाटले. आज मी ती लगेच, भरपाईपेक्षा निर्देशांसाठी दाखल करीन. मंडळाने महिन्यातून एकदा आणि तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा संस्थेला भेट द्यायची असते, आणि भेटवहीत त्या भेटींच्या सह्या होत्या. दीपकने वर्णन केलेली भेट अशी: मुले रांगेत उभी, अधीक्षक शेजारी, आणि पाहुण्यांचा प्रश्न, "जेवण मिळतं ना व्यवस्थित?" तक्रारपेटी होती, ती अधीक्षकांच्या खोलीत होती आणि किल्लीही त्यांच्याकडेच.

एक गोष्ट या प्रकरणात उद्भवली नाही, पण पुढच्याला उद्भवेल. गंभीर गुन्ह्यातील मुले अठरा वर्षांनंतर 'सुरक्षित ठिकाण' नावाच्या वेगळ्या संस्थेत ठेवली जातात. तेथील एकोणीस वर्षांच्या मुलाला पोक्सो लागू नाही, आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेतील अनैसर्गिक अत्याचाराच्या कलम ३७७ ची जागा घेणारी तरतूद भारतीय न्याय संहितेत नाही. दीपकच्या घटना त्या तारखेआधीच्या आणि तो तेव्हा अल्पवयीन, म्हणून त्याला दोन्ही कायद्यांचा आधार मिळाला. उद्या तसाच मुलगा समोर बसला, तर दुखापत, डांबून ठेवणे आणि अनुच्छेद २१ यांवरच प्रकरण उभे करावे लागेल.

अधीक्षकांनी कलम २१ च्या मुदतीवर दोषमुक्तीचा अर्ज केला आहे. कलम ७५ बद्दल त्यात फक्त एक परिच्छेद आहे. त्यावर निर्णय राखून ठेवलेला आहे. पुढच्या तारखेला साक्ष लेखा विभागातील लिपिकाची असून, फेब्रुवारी २०२२ चे वेतन देयक मूळ स्वरूपात सोबत आणण्याचे समन्स त्यांना बजावले गेले आहे.